धर्मानंदांचे हार्वर्डमधले बिऱ्हाड

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा निरोप आला, तेव्हा वर्गातल्या जुन्या गमतीजमती लिहिणारे पुष्कळ असतील म्हणून मी वेगळा विषय घेतला. आपल्यापैकी कितीतरी जण वर्ष-दोन वर्षांच्या बोलीवर परदेशात शिकवायला गेले. मीही दहा महिने जाऊन आलो. त्या थंडीत, दोन पातेली आणि एक चादर एवढ्या संसारात, मला सारखी आठवण यायची ती धर्मानंद कोसंबींची. मराठीच्या तासाला सरांनी त्यांचे ‘निवेदन’ वाचायला सांगितले होते. मी ते तेव्हा वाचले नव्हते, हे सरांना आज सांगायला हरकत नाही.

धर्मानंदांचा जन्म 1876 चा, गोव्यातल्या सांकवाळचा. घरी नारळाच्या बागा, शाळा मराठी आणि तीही थोडकीच. मॅट्रिक नाही, पदवी तर नाहीच. ‘बालबोधमेवा’ मासिकातला बुद्धावरचा एक लेख वाचनात आला आणि त्या माणसाचा ध्यास लागला. 1899 साली, मुलगी माणिक तान्ही असताना, त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, मग सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश. अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, भिक्षू होऊन पाली शिकले. मागे पत्नी बाळाबाईंनी काय सोसले असेल, याचा हिशेब आपण चरित्र वाचताना फार पटकन ओलांडतो असे मला वाटते.

पुढे ते कलकत्त्याला पाली शिकवू लागले. तिथे दरमहा अडीचशे रुपये मिळण्यासारखे होते. ते सोडून, महाराष्ट्रात राहून काम करता यावे म्हणून, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे दरमहा पन्नास रुपये त्यांनी पत्करले. अशा माणसाला हार्वर्डच्या प्राध्यापक जेम्स वुड्स यांनी अमेरिकेला बोलावले.

काम असे होते. बुद्धघोषाचा ‘विसुद्धिमग्ग’ हा पाली ग्रंथ हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन पंडिताने संपादायला घेतला होता. 1899 साली तो वारला आणि काम अर्धवट राहिले. ते प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांच्या देखरेखीखाली पुरे करायचे होते. सिंहली आणि बर्मी लिपीतल्या पोथ्यांचे पाठ ताडून पाहायचे, चुका काढायच्या, शुद्ध पाठ ठरवायचा. विहारात बसून ही विद्या शिकलेला माणूस तिकडे कुठून मिळणार?

1910 साली कोसंबी मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला पोचले. सांकवाळच्या माणसाला तिथला बर्फ म्हणजे काय, हे मी सांगायला नको. इंग्रजी त्यांनी स्वतःच्या हिकमतीवर मिळवलेले. पण त्यांना जड गेली ती थंडी नव्हे. दोन वर्षे पोथ्यांत डोळे घातल्यावर प्रश्न आला तो मुखपृष्ठावरच्या नावाचा. संपादनाचे श्रेय लॅनमन यांना स्वतःकडे ठेवायचे होते आणि कोसंबींना दुय्यम जागा द्यायची होती. कोसंबींना ते मान्य नव्हते. 1912 साली त्यांनी सरळ सामान बांधले आणि परत आले. काम तसेच पडून राहिले.

इथे मी बराच वेळ थांबतो. परमुलखात, ठरावीक मुदतीच्या नोकरीवर असलेला माणूस सहसा मान खाली घालून राहतो. भाडे भरायचे असते, परतीचे तिकीट मनात असते. मीही अशीच एक गोष्ट मुकाट्याने गिळली होती. ती कुठली, ते स्नेहसंमेलनात चहाच्या वेळी सांगेन.

परत आल्यावर कोसंबी फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. पु. वि. बापटांसारखे विद्यार्थी तिथे तयार झाले. 1918 साली हार्वर्डचे बोलावणे पुन्हा आले आणि कोसंबी पुन्हा गेले. या वेळी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर बरोबर होते. बाळाबाई आणि धाकट्या मुली इकडेच राहिल्या. तात्पुरत्या मुक्कामाचे हे नेहमीचे कोडे आहे: कोणाला न्यायचे, कोणाला ठेवायचे? माणिक रॅडक्लिफ कॉलेजात शिकली. दामोदर तिथल्या शाळेत रमला आणि पुढे हार्वर्डचा पदवीधर होऊन आला. गणितज्ञ आणि इतिहासकार दा. ध. कोसंबी ते हेच. वडिलांच्या चार वर्षांच्या नोकरीतून मुलाच्या आयुष्याची दिशा ठरली. पण ग्रंथाचे भांडण त्याही फेरीत मिटले नाही. 1922 साली कोसंबी परतले आणि गुजरात विद्यापीठात कामाला लागले.

लॅनमन निवृत्त झाल्यावर वुड्सनी तिसऱ्यांदा बोलावले, म्हणून 1926 साली ते पुन्हा गेले. नंतर 1929 मध्ये लेनिनग्राडला, श्चेर्बात्स्की यांच्याकडच्या बौद्धविद्येच्या संस्थेत. तिथली हवा मानवली नाही. 1930 साली परत येतात न येतात तोच शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. 1931-32 मध्ये हार्वर्डची चौथी फेरी झाली आणि जुने काम अखेर हातावेगळे केले.

एक कामासाठी चार वेळा समुद्र ओलांडणे हा हट्टच म्हणायचा. मात्र अमेरिकेत कायमचे राहावे असे त्यांनी केले नाही. दर वेळी इकडे येऊन काहीतरी नवे सुरू करायचे, अशी त्यांची रीत. मुंबईत परळला कामगारवस्तीत बहुजनविहार उभा केला, ‘भगवान बुद्ध’ लिहिले.

‘विसुद्धिमग्ग’ची देवनागरी आवृत्ती भारतीय विद्या भवनाने 1940 साली काढली. हार्वर्डची रोमन लिपीतली आवृत्ती मात्र 1950 उजाडेपर्यंत रखडली. तिच्यावर संपादक म्हणून वॉरन आणि संशोधित करणारे म्हणून धर्मानंद कोसंबी, अशी नावे आहेत. ते पान पाहायला कोसंबी नव्हते. 4 जून 1947 रोजी सेवाग्रामला, अन्नत्याग करून, त्यांनी देह ठेवला होता.