रिमोटचे आजोबा : निकोला टेस्ला

मॅचच्या दिवशी हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये प्रोजेक्टर लावला की एक प्रसंग हमखास घडतो. दिवे बंद, रिमोट कुणाच्या तरी हातात, आणि सोर्सचं बटण दाबता दाबता हवा तो इनपुट पुढे निघून जातो. मग पुन्हा सगळा फेरा! मित्रांनो, या बटणाचं मूळ थेट १८९८ सालात सापडतं. आणि ते ज्याच्या डोक्यातून निघालं, तो होता डिग्री अर्धवट सोडलेला एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी.

निकोला टेस्लाचा जन्म १० जुलै १८५६ रोजी आजच्या क्रोएशियातल्या स्मिल्यान गावी झाला. वडील धर्मगुरू, मुलानेही तेच व्हावं ही त्यांची इच्छा. पण पोराला ओढ यंत्रांची. १८७५ मध्ये स्कॉलरशिप मिळवून तो ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला. पहिल्या वर्षी पठ्ठ्याने सगळे पेपर उत्तम मार्कांनी काढले. दुसऱ्या वर्षी डायनॅमोच्या ब्रशमधून उडणाऱ्या ठिणग्या पाहून त्याला वाटलं, हे ब्रश काढूनच टाकता येतील. प्रोफेसरांनी भर वर्गात ते अशक्य ठरवलं. तिसऱ्या वर्षी पत्ते आणि जुगार सुरू झाला, पैसे गेले आणि डिग्री राहिली ती कायमचीच.

ब्रशचा विचार मात्र डोक्यातून गेला नाही. १८८४ मध्ये तो न्यूयॉर्कला आला, काही महिने एडिसनकडे राबला, पुढे पोटासाठी खड्डेही खणले. १८८८ मध्ये त्याच्या एसी मोटरचे पेटंट वेस्टिंगहाऊसने घेतले. प्रोफेसरांनी अशक्य ठरवलेली मोटर चालली! मार्च १८९५ मध्ये त्याची लॅब जळून खाक झाली. तरी तीनच वर्षांत तो एक नवी गंमत घेऊन लोकांसमोर उभा राहिला.

१८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये विजेचं प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या पाण्याच्या हौदात टेस्लाने एक छोटी लोखंडी बोट सोडली. वायर नाही, दोरी नाही, तरी बोट वळत होती, दिवे उघडझाप करत होती. लोकांना वाटलं जादू आहे, किंवा आत शिकवलेलं माकड बसवलंय.

आत होती बॅटरी, मोटर आणि धातूच्या भुकटीची एक डबी. रेडिओ लहर आली की भुकटीतून वीज वाहायची. मग डबी उलटी व्हायची, भुकटी मोकळी व्हायची आणि पुढच्या लहरीसाठी तयार. प्रत्येक लहरीला आतली चकती एक घर पुढे सरकायची : सुकाणू डावीकडे, थांब, उजवीकडे, थांब. म्हणजे एकच इशारा, आणि कुठवर आलो हे लक्षात ठेवायचं काम बोटीचं. आपलं सोर्स बटण नेमकं असंच चालतं.

मग बोटीला जमलं ते आपल्याला का जमत नाही? कारण टेस्लाला समोर सुकाणू वळताना दिसत होतं. प्रोजेक्टरला नवा इनपुट पकडायला काही सेकंद लागतात, तोवर पडदा काळा. आपल्याला वाटतं बटण लागलंच नाही, म्हणून पुन्हा दाबतो आणि घर चुकतं. म्हणूनच चांगल्या होम थिएटर रिमोटवर प्रत्येक इनपुटला वेगळं बटण असतं, ऑन आणि ऑफ वेगवेगळे असतात, आणि अंधारात दिसावं म्हणून बटणांमागे लाइट असतो.

दुसऱ्या कुणाच्या लहरीने आपलं यंत्र हलू नये, याचाही टेस्लाने विचार केला. दोन ठरावीक फ्रीक्वेन्सी एकदमच आल्या तरच यंत्र चालेल, अशा योजनेची पेटंट त्याला १९०३ मध्ये मिळाली. आजच्या रिमोटच्या कोडमध्ये यंत्राचा पत्ता असतो, तो याच काळजीपोटी.

बोटीत अमेरिकन नौदलाने रस घेतला नाही. पेटंटची मुदत संपली, पैसा आला नाही. ७ जानेवारी १९४३ रोजी टेस्ला न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या खोलीत एकटाच वारला. १९६० मध्ये चुंबकीय क्षेत्राच्या एककाला त्याचं नाव मिळालं.

तेव्हा फायनल इयरच्या प्रोजेक्टला रिमोट करणाऱ्यांनो, सर्किट चाललं की काम संपलं असं समजू नका. बटण दाबणाऱ्याला समोर काय दिसतंय, हे एकदा अंधारात बसून बघा!