आधी पाहा, मग मोजा : सर विश्वेश्वरय्या



वीज केंद्रामुळे आपल्या एकलहऱ्यात ‘इंजिनिअर’ हा शब्द लहान मुलांनाही ठाऊक आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण १५ सप्टेंबरला अभियंता दिन पाळतो, त्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या नोकरीची सुरुवात आपल्या नाशिकमध्येच झाली, हे मात्र थोड्यांनाच माहीत असते.

म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी हे त्यांचे गाव. वडिलांचे छत्र लवकर हरपले. बंगळूरला शिकवण्या करून त्यांनी शिक्षणाचा खर्च भागवला. १८८३ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजातून अभियांत्रिकीच्या परीक्षेत ते पहिले आले आणि १८८४ मध्ये नाशिकला सहायक अभियंता म्हणून रुजू झाले.

लवकरच धुळे भागात पांझरा नदीवर नळातून पाणी पलीकडे नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. पावसाने काम अडले. त्यांनी ते पुढे ढकलण्याची परवानगी मागितली, तर वरिष्ठ नाराज झाले. नोकरी नवी, घरची परिस्थिती बेताची. कुरकुर करीत बसण्यापेक्षा त्यांनी काम पुन्हा हाती घेतले आणि पुरे केले.

पुढे सिंधमधील सक्कर शहराला पाणी द्यायचे होते. सिंधू नदीचे पाणी गढूळ आणि पाणी गाळण्याची मोठी यंत्रणा उभारायला नगरपालिकेकडे पैसा नाही. त्यांनी काठाजवळ नदीच्या पात्रातच विहीर घेतली. वाळूतून झिरपणारे पाणी आपोआप स्वच्छ होऊन विहिरीत येऊ लागले. १९०३ साली पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. त्यामुळे धरण न उंचावता पाणीसाठा वाढला.

तिन्ही ठिकाणची त्यांची रीत पाहिली तर ती आपल्यालाही जमण्यासारखी आहे. अडचण प्रत्यक्ष पाहायची. काय नाही याची यादी करण्याऐवजी काय हाताशी आहे ते मोजायचे. त्यातून जमेल तो उपाय निवडायचा आणि तो तडीस न्यायचा.

स्वतःच्या बाबतीतही ते असेच काटेकोर होते. वेळ पाळणे, नीटनेटका पोशाख, तयारीशिवाय भाषण न करणे, हे त्यांनी म्हैसूरचे दिवाण झाल्यावरही सोडले नाही. १९५५ साली त्यांना भारतरत्न मिळाले. १९६२ मध्ये, वयाची शंभरी ओलांडल्यावर, त्यांचे निधन झाले.

आपल्या घरांतही अडचणी असतात. मुलाचे गणित कच्चे असते, कर्जाचा हप्ता थकतो, घरात अबोला धरला जातो. आपण त्यावर रात्र रात्र काळजी करतो, पण कागदावर मात्र काही लिहीत नाही. या आठवड्यात कुटुंबाने एकत्र बसून एकच अडचण लिहून काढू या. तिच्याखाली हाताशी असलेल्या गोष्टी लिहू या : थोडा वेळ, थोडे पैसे, मदत करू शकणारा शेजारी. मग एक पाऊल आणि त्याचा दिवस ठरवू या. पुढच्या रविवारी देवळात येण्यापूर्वी ते पाऊल उचलले की नाही, हे आपले आपणच पाहू या.