अपयश घेऊन परतलेले मिशनरी

सन १७३८ च्या फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेस अमेरिकेहून आलेल्या जहाजातून इंग्लंडमधील डील येथे चौतीस वर्षांचे एक पाळक उतरले. दोन वर्षांपूर्वी मोठ्या उमेदीने ते मिशनरी म्हणून गेले होते. आता खटला मागे टाकून, मंडळीची नाराजी घेऊन ते परतले होते. त्यांचे नाव जॉन वेस्ली.

वेस्लींचा जन्म सन १७०३ मध्ये एपवर्थ येथे पाळकाच्या घरी झाला. ऑक्सफर्ड येथे ते व त्यांचे सोबती उपवास, प्रार्थना व कैद्यांच्या भेटी इतक्या काटेकोरपणे करीत की, लोक त्यांना थट्टेने मेथडिस्ट म्हणू लागले. सन १७३५ मध्ये ते जॉर्जिया वसाहतीस निघाले. वाटेत भयंकर वादळ झाले. जहाजावरील मोरेव्हियन कुटुंबे, त्यांतील मुलेबाळेसुद्धा, शांतपणे गीते गात राहिली. वेस्ली मात्र मरणाच्या भीतीने गांगरले. आपला विश्वास किती उथळ आहे हे त्यांना तेथेच दिसून आले.

जॉर्जियात मूळ रहिवाशांना सुवार्ता सांगण्याचा हेतू बहुतेक तसाच राहिला. सव्हाना येथील मंडळी त्यांच्या कडक नियमांना कंटाळली. सोफिया हॉप्की या तरुणीवर त्यांचे मन जडले होते. परंतु लग्नाविषयी त्यांचा निश्चय होईना, आणि तिने दुसऱ्याशी विवाह केला. पुढे काही महिन्यांनी वेस्लींनी तिला प्रभुभोजन नाकारले. तिच्या पतीने हजार पौंडांचा दावा लावला, आणि ज्यूरीने दहा आरोप ठेवले. खटला लोंबकळत असतानाच सन १७३७ च्या डिसेंबरात एका रात्री वेस्लींनी सव्हाना सोडले.

लंडनमध्ये पीटर बोलर या तरुण मोरेव्हियन पाळकाने त्यांना धीर दिला व तारण केवळ विश्वासाने आहे हे समजावले. ता. २४ मे १७३८ रोजी संध्याकाळी आल्डर्सगेट रस्त्यावरील एका सभेस वेस्ली मन नसतानाच गेले. तेथे रोमकरांस पत्राविषयी लूथर यांनी लिहिलेली प्रस्तावना वाचली जात होती. ती ऐकताना, ख्रिस्ताने आपल्याच पापांची क्षमा केली आहे अशी खात्री त्यांना झाली.

त्यानंतरही शंकांनी त्यांना गाठले, आणि पुढे त्यांचा संसारही सुखाचा झाला नाही. पण आता आधार स्वतःच्या आचरणावर नव्हता. सन १७३९ मध्ये ब्रिस्टल येथे ते उघड्या मैदानात उपदेश करू लागले. चर्चची पायरी न चढणारे कोळसा खाणीतील मजूर ऐकावयास आले. पन्नासाहून अधिक वर्षे, बहुतेक घोड्यावरून, ते गावोगाव फिरले. सन १७९१ मध्ये सत्त्याऐंशीव्या वर्षी ते प्रभूत निजले. आज बेळगाव, हैदराबाद, बडोदा येथेही मेथडिस्ट मंडळ्या आहेत.

एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. जॉर्जियातील दिवसांची आपली रोजनिशी वेस्लींनी सन १७४० मध्ये स्वतःच छापून प्रसिद्ध केली. ज्याला देवाची क्षमा मिळाली, त्याला आपले अपयश झाकून ठेवण्याची गरज उरत नाही.

प्रिय वाचकहो, आपणांपैकी कोणी सेवेत, घरात किंवा नोकरीत हरून परतला असेल. ज्या कृपेने वेस्लींना उचलले, ती आपल्यासाठीही आहे. आपली सव्हाना प्रभूपुढे मोकळेपणाने मांडा. तिच्यापलीकडेही त्याचे काम आपली वाट पाहत असते.