यारोस्लाव्ह हाशेक : कूच बटालियनमधील कादंबरीकार

श्वेक या भोळसट भासणाऱ्या शिपायाची कादंबरी अभ्यासण्यापूर्वी तिच्या कर्त्याच्या आयुष्यातील १९१५ हे वर्ष नीट समजून घेणे आवश्यक आहे. बाकीचे आयुष्य थोडक्यात सांगता येते.

यारोस्लाव्ह हाशेक याचा जन्म ३० एप्रिल १८८३ रोजी प्राग येथे झाला. वडील शिक्षक होते. ते हाशेक तेरा वर्षांचा असताना वारले. वाणिज्य विद्यालयातील शिक्षणानंतर त्याने बँकेत नोकरी धरली. ती टिकली नाही. पुढे भटकंती, मद्यपान आणि नियतकालिकांतील विनोदी लेखन हाच त्याचा व्यवसाय झाला. एका प्राणिविषयक मासिकाचा संपादक असताना त्याने अस्तित्वातच नसलेल्या प्राण्यांची माहिती छापली. १९११ साली श्वेकच्या पहिल्या कथा प्रसिद्ध झाल्या.

फेब्रुवारी १९१५ मध्ये त्याला चेस्के बुद्येयोव्हित्से येथील ९१ व्या पायदळ रेजिमेंटमध्ये बोलावण्यात आले. येथे ऑस्ट्रिया-हंगेरीची सैन्यरचना पाहावी लागते. सम्राटाचे सामायिक सैन्य, ऑस्ट्रियाचे लांडवेर, हंगेरीचे होनवेद आणि वयस्क वा पूर्वी सूट मिळालेल्या पुरुषांचे लांडस्टुर्म असे तिचे भाग होते. १९१४ साली सामायिक सैन्यात पायदळाच्या १०२ रेजिमेंट होत्या. प्रत्येकीत सामान्यतः चार बटालियन आणि प्रत्येकीला भरतीचा ठरावीक जिल्हा. रेजिमेंट आघाडीवर गेली की मागे पूरक बटालियन राही. नवे रंगरूट, राखीव यादीतून बोलावलेले पुरुष, जखमा भरून परतलेले शिपाई तेथे एकत्र येत आणि त्यांच्यातून साधारणतः दरमहा एक कूच बटालियन उभारून आघाडीकडे धाडली जाई. युद्धाच्या आरंभी अशा अर्धशिक्षित बटालियनांना स्वतंत्रपणे लढाईत लोटल्याने त्यांची मोठी हानी झाली. पुढे त्या आघाडीवर पोहोचून मूळ रेजिमेंटमध्ये सामावल्या जाऊ लागल्या. प्रवासापुरतीच जगणारी ही तुकडी होती. श्वेकच्या कादंबरीत लढाई जवळजवळ नाही आणि रेल्वेस्थानके मात्र पुष्कळ आहेत, याचे कारण केवळ लेखकाच्या लहरीत शोधणाऱ्या समीक्षकांशी प्रस्तुत लेखक सहमत नाही.

भाषाव्यवस्था तर याहून गुंतागुंतीची. सामायिक सैन्यात आज्ञेची भाषा जर्मन होती. सुमारे ऐंशी आज्ञा प्रत्येक शिपायाला पाठ कराव्या लागत. कार्यालयीन व्यवहाराची सेवाभाषाही जर्मनच. परंतु रेजिमेंटमधील किमान वीस टक्के शिपायांची जी भाषा असेल ती रेजिमेंटभाषा ठरे आणि अधिकाऱ्यांना ती शिकावी लागे. एका रेजिमेंटला दोन-तीन भाषा असणे नवलाचे नव्हते. हाशेकच्या रेजिमेंटमध्ये चेक आणि जर्मन दोन्ही भाषक मोठ्या संख्येने होते. कादंबरीतील तुटकी जर्मन, चेकमध्ये घुसलेले लष्करी शब्द, अर्थाचा जाणूनबुजून केलेला विपर्यास हे सारे याच व्यवस्थेतून आले आहे.

शिक्षणामुळे हाशेकला राखीव अधिकारी होण्याच्या मार्गावरील एकवर्षीय स्वयंसेवकांच्या वर्गात प्रवेश मिळाला. तेथून त्याला लवकरच काढून टाकण्यात आले. एप्रिल १९१५ मध्ये प्रागची २८ वी रेजिमेंट शरण गेल्याच्या आरोपावरून बरखास्त झाली होती आणि चेक शिपायांवर संशय होता. त्याच वर्षी ९१ व्या रेजिमेंटची पूरक बटालियन लायथा नदीकाठच्या ब्रुक येथे हलवण्यात आली. पलीकडचा किनारा हंगेरीचा होता. जूनअखेर बाराव्या कूच बटालियनमधून हाशेक गॅलिशियाकडे निघाला. कंपनीचा प्रमुख लुकास हाच पुढे कादंबरीत आपल्या खऱ्या नावाने अवतरला.

२४ सप्टेंबर १९१५ रोजी दुबनोजवळ हाशेक रशियनांच्या हाती सापडला. युद्धकैदी, मग चेक सैन्यदलाचा शिपाई व पत्रकार आणि १९१८ मध्ये थेट लाल सेनेत, असा त्याचा प्रवास झाला. जुन्या सहकाऱ्यांनी त्याच्या अटकेचे आदेश काढले. डिसेंबर १९२० मध्ये तो प्रागला परतला तेव्हा अनेकांच्या लेखी तो देशद्रोही होता. पहिला विवाह कायम असताना सोबत रशियन पत्नी होती, त्यामुळे लोकनिंदेला आणखी निमित्त मिळाले.

१९२१ पासून कादंबरी भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली. लिप्नित्से या गावी, प्रकृती ढासळल्यावर, हाशेक मजकूर सांगे आणि लेखनिक तो उतरवून घेई. ३ जानेवारी १९२३ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, तो मरण पावला. चौथा भाग अपुरा राहिला. श्वेकची कूच कंपनी तेव्हा आघाडीच्या अलीकडेच होती.