अक्षर दिले, गोष्ट हिरावली

८ मार्च जवळ आला की रशियातल्या बालवाड्यांत लगबग सुरू होते. मुले आई-आजीसाठी कागदी फुलांची भेटकार्डे करतात, कविता पाठ करतात. परदेशात वाढणाऱ्या रशियन मुलांनाही या सणाच्या निमित्ताने मायबोलीची गोडी लावली जाते. या दिवसाशी ज्यांचे नाव जोडले गेले, त्या नादेझ्दा क्रुपस्काया स्वतः हाडाच्या शिक्षिका होत्या. जग मात्र त्यांना लेनिनची पत्नी म्हणूनच ओळखते.

२६ फेब्रुवारी १८६९ रोजी सेंट पीटर्सबर्गमध्ये त्यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी वडील गेले आणि शिकवण्या करून घराला हातभार लावण्याची वेळ आली. १८९१ पासून पाच वर्षे त्यांनी कामगारांच्या रात्रशाळेत अक्षरे गिरवून घेतली. पुढे अटक आणि सैबेरियातली हद्दपारी. तिथेच १८९८ मध्ये लग्न झाले आणि कामकरी स्त्रीच्या हालअपेष्टांवरची पहिली पुस्तिकाही लिहून झाली. १८९७ च्या शिरगणतीनुसार रशियात शंभरातल्या जेमतेम तेरा स्त्रियांना वाचता येत होते!

१९१४ च्या महिलादिनी ‘रबोत्नित्सा’ हे कामकरी स्त्रियांचे नियतकालिक निघाले. त्याच्या संपादक मंडळात त्या होत्या. तीनच वर्षांनी, याच दिवशी, पेट्रोग्राडच्या स्त्रिया भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या आणि आठवड्याभरात झारचे सिंहासन कोसळले. नव्या राजवटीत क्रुपस्कायांनी साक्षरता, वाचनालये आणि शाळा यांना वाहून घेतले. स्वतःला मूलबाळ नव्हते, पण देशभरातून मुलांची पत्रे येत आणि त्या उत्तरे लिहीत.

याच शिक्षिकेच्या हातून एक मोठी चूक घडली. परीकथा मुलांना वास्तवापासून दूर नेतात, असे त्यांना वाटे. १९२८ मध्ये त्यांनी ‘प्रावदा’त कोर्नेय चुकोव्स्की यांच्या मगरीच्या पद्यकथेवर कठोर टीका केली. मग या बालकवीची पुस्तके छापणे अवघड झाले. मॅक्झिम गॉर्की यांना त्यांच्या बाजूने लिहावे लागले.

सत्तरावा वाढदिवस झाला आणि दुसऱ्याच दिवशी, २७ फेब्रुवारी १९३९ रोजी, क्रुपस्काया वारल्या. महिलादिनाची सार्वजनिक सुट्टी १९६५ मध्ये जाहीर झाली, ती पाहायला त्या नव्हत्या. रशियन शिकणारी चिमुरडी आज अक्षरे गिरवतात, तशीच चुकोव्स्कींची बडबडगीतेही घोळवतात. अक्षरांवरचा बाईंचा विश्वास खरा ठरला. गोष्टींवरचा अविश्वास मात्र मुलांनीच खोटा पाडला.