वाटाण्याचे रोप

पुणतांब्यास चांगदेवांच्या समाधीजवळून वाहणारी गोदावरी जेथे उगम पावते, त्या त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके ह्यांचा जन्म झाला. पुढे साऱ्या देशाने त्यांना दादासाहेब फाळके ह्या नावाने ओळखले. वडील संस्कृतचे व्यासंगी पंडित. परंतु मुलाचा ओढा पोथीपेक्षा कुंचल्याकडे अधिक. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत व नंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला आणि छायाचित्रण ह्या विद्या आत्मसात केल्या.

त्या काळी वैद्यकशाळेतील सूक्ष्मदर्शक यंत्र असो, वेधशाळेतील दुर्बीण असो की छायाचित्रकाराचा कॅमेरा असो, चांगले भिंग बहुधा आगबोटीने परदेशाहूनच येई. सामान्य माणसाला अशा यंत्रांचे भय वाटे. फाळक्यांनी बडोदा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला, तेव्हा कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो, अशी तेथील लोकांची समजूत होती!

१९११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. ख्रिस्ताच्या जागी त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. मग त्यांना दुसरे काही सुचेना. रोज चार-पाच तास चित्रपट पाहावयाचे, उरलेला वेळ प्रयोगांत घालवावयाचा आणि झोप जेमतेम तीन तास. ह्या श्रमांनी डोळे दुखावले. वैद्यांनी विश्रांती घेण्यास सांगितले, ते त्यांनी ऐकले नाही. अखेर दृष्टीच गेली. ज्याला जगाला चित्रे दाखवावयाची होती, त्याच्यापुढे अंधार पसरला. सुदैवाने डॉ. प्रभाकर ह्या नेत्रवैद्यांनी तीन-चार चष्म्यांच्या साहाय्याने ती परत मिळवून दिली. विलायती भिंग विकत आणण्यापूर्वी फाळक्यांना स्वतःच्या डोळ्यांवर अशी भिंगे चढवावी लागली.

विम्याचे कागद तारण ठेवून त्यांनी कर्ज काढले व १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनचा रस्ता धरला. तेथे त्यांच्या ओळखीचे कोणी नव्हते. ते तडक एका चित्रपटविषयक साप्ताहिकाच्या संपादकाकडे गेले. त्याने प्रथम त्यांना ह्या धंद्यापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. पण पाहुण्याची जिद्द पाहून त्यानेच पुढे मदत केली. पन्नास पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन फाळके एप्रिलमध्ये परतले.

भांडवलाचा प्रश्न मात्र होताच. न पाहिलेल्या कलेवर पैसा लावणार कोण? ह्याच धडपडीच्या काळात त्यांनी एक साधी युक्ती केली. कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा उभा केला आणि दिवसामागून दिवस तिचे एकेक चित्र घेतले. महिन्याहून अधिक काळ हे काम चालले होते. ती चित्रे पडद्यावर वेगाने एकापाठोपाठ एक उमटताच बी फुटले, अंकुर वर आला आणि मिनिटाभरात वेल झुलू लागला. सूक्ष्मदर्शकातून इवलीशी वस्तू मोठी दिसते. येथे महिन्याचा काळ डोळ्यांपुढे मिनिटाएवढा झाला होता. ते पाहून कर्ज देण्यास माणसे पुढे आली.

तरीही पैसा पुरेना, तेव्हा पत्नी सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले. एवढेच नव्हे, तर कोऱ्या फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्याचे किचकट काम त्या माउलीने शिकून घेतले. ते काम अंधारातच करावे लागे, कारण उजेड लागला की फिल्म वाया जाई. दिवसभर साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्याच करीत.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.