चित्राचे आकडे करणारे लुई ब्रेल

मोबाइलवर बोटाने काढलेले चित्र मोबाइलच्या पोटात चित्र म्हणून राहत नाही. पडद्यावर बारीक घरांची जाळी असते. साध्या काळ्या-पांढऱ्या चित्रात कोणत्या घरात ठिपका आहे आणि कोणत्या घरात नाही, याची नोंद एक आणि शून्य या दोन खुणांनी होते. चित्रकलेचे ॲप करणाऱ्याला आधी ठरवावे लागते की घरे किती, ती कोणत्या बाजूने मोजायची आणि एका खुणेला जागा किती द्यायची. हा करार लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला सारखाच ठाऊक हवा, नाहीतर फाइल पोहोचते पण चित्र दिसत नाही. संगणक येण्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी असा करार एका अंध शिक्षकाने केला होता.

लुई ब्रेल यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी पॅरिसजवळच्या कूव्रे गावात झाला. वडील घोड्यांचे खोगीर आणि लगाम शिवत. तीन वर्षांचा लुई त्यांच्या अवजारांशी खेळत असताना आरी डोळ्यात घुसली. जखम चिघळली, दुसरा डोळाही सुजला आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. एका डोळ्याला खोल जखम झाली की शरीराची प्रतिकारशक्ती कधीकधी दुसऱ्या, धडधाकट डोळ्यावरही उलटते. लुईचे तसेच झाले असावे, असे अनेक डॉक्टर मानतात.

तेव्हा यावर उपचार नव्हते. आज आहेत, पण वेळ गाठली तरच. आमच्या भोर-वेल्ह्यात भातकापणीत पाते डोळ्याला लागते, करवंदीचा काटा टोचतो, लाकूड फोडताना ढलपी उडते. अशा वेळी डोळा चोळू नये, दाबू नये, रुतलेली वस्तू स्वतः ओढून काढू नये. दूध, तूप किंवा दुकानातून मनाने आणलेले थेंब घालू नयेत. दाब पडणार नाही अशा बेताने डोळ्यावर स्वच्छ वाटीसारखे काही झाकावे आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

१८१९ मध्ये, दहाव्या वर्षी, लुई पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत दाखल झाला. तिथल्या पुस्तकांत नेहमीचीच अक्षरे कागदावर उठवलेली असत. डोळ्यांसाठी घडलेली अक्षरे बोटांनी चाचपत वाचायची, म्हणून वाचन फार संथ चाले. १८२१ मध्ये शार्ल बार्बिये या माजी लष्करी अधिकाऱ्याची उठावदार ठिपक्यांची पद्धत शाळेत आली. तिच्यात एका खुणेला बारापर्यंत ठिपके लागत. ती खूण बोटाच्या टोकाखाली मावत नसे, बोट वरखाली फिरवावे लागे. शिवाय पद्धत उच्चारांवर बेतलेली असल्याने शुद्धलेखनाला तिच्यात जागा नव्हती.

लुईने ठिपके सहावर आणले. दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन जागा. प्रत्येक जागी ठिपका आहे किंवा नाही, एवढ्यावर कोरी खूण धरून ६४ खुणा होतात. अक्षरे, आकडे, संगीत सगळे त्यात बसते आणि प्रत्येक खूण एका स्पर्शात कळते, कारण मोजमाप बोटावरून घेतलेले होते. पंधराव्या वर्षी मुख्य काम झाले होते. पुस्तक १८२९ मध्ये निघाले.

पण एक अडचण उरली. अंध मुलाने लिहिलेले पत्र घरच्या डोळस माणसांना वाचता येईना. म्हणून १८३९ मध्ये ब्रेल यांनी दुसरी पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात नेहमीच्या अक्षरांचे, नकाशांचे, भूमितीच्या आकृत्यांचे आकारच ठिपक्यांनी काढायचे होते. उभ्या रांगेत दहा जागा असत. कोणत्या रांगेत कितव्या जागी ठिपका द्यायचा, याचे आकडे प्रत्येक अक्षरासाठी तक्त्यात दिलेले होते. आकडे पाठ असले की न पाहताही अक्षर नीट उमटे. हाताने एकेक ठिपका देणे वेळखाऊ होते, म्हणून पिएर फुको या अंध मित्राने १८४१ मध्ये त्यासाठी यंत्र बनवले.

ब्रेल त्याच शाळेत शिकवत आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. क्षयाने त्यांना तरुणपणीच गाठले आणि त्यावर तेव्हा औषध नव्हते. वयाची ४३ वर्षे पूर्ण होऊन दोनच दिवस झाले होते, तेव्हा ६ जानेवारी १८५२ रोजी ते वारले. त्यांच्या लिपीला फ्रान्समध्ये अधिकृत मान्यता मिळाली ती १८५४ मध्ये. भारताने १९५१ मध्ये भारती ब्रेल स्वीकारली आणि तिच्यात मराठीही त्याच सहा ठिपक्यांत वाचता येते.

दहा जागांची पद्धत टंकलेखन यंत्रे आल्यावर मागे पडली, तिचे तत्त्व मात्र रोज कामी येते. भोरला काढलेला डिजिटल एक्स-रे पुण्यातल्या तज्ज्ञाला उघडता येतो, कारण दोन्हीकडची यंत्रे ‘डायकॉम’ हा एकच करार पाळतात. त्या फाइलच्या सुरुवातीला १२८ बाइट राखीव, मग ओळख पटवणारी चार अक्षरे, पुढे रुग्णाची माहिती आणि चित्राचे आकडे. नवे ॲप करायला बसलेल्या मुलामुलींनीही आधी हेच विचारावे, की आपण साठवलेले चित्र उद्या वाचणार कोण आणि त्याच्या हाती ते उघडेल का.